धनंजय रामचंद्र गाडगीळ

धनंजय रामचंद्र गाडगीळ (१० एप्रिल, १९०१, नाशिक - ३ मे, १९७१) हे मराठी अर्थशास्त्रज्ञ, पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे संस्थापक-संचालक, सहकारी चळवळीचे मार्गदर्शक आणि भारताच्या नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष होते. राज्यांना मिळणाऱ्या केंद्रीय साहाय्याच्या वाटपाचे गाडगीळ सूत्र आणि प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना यांमुळे त्यांचे नाव सर्वपरिचित आहे. त्यांच्या या दोन्ही कामांच्या मुळाशी प्रत्यक्ष पाहणी करून माहिती गोळा करण्याची त्यांनी घालून दिलेली परंपरा आहे. बाजारपेठ, शेती, वाहतूक, शहरातील कुटुंबे आणि ग्रामीण कर्ज अशा विषयांवर त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या पाहण्या भारतातील सामाजिक-आर्थिक सर्वेक्षणांच्या आरंभीच्या महत्त्वाच्या प्रयत्नांत मोडतात. कोणाला विचारायचे, काय विचारायचे आणि कोणत्या स्वरूपात विचारायचे, या तीन गोष्टींवर आकड्यांचा अर्थ अवलंबून असतो, हे या पाहण्यांतून स्पष्ट होते.

जन्म आणि शिक्षण

धनंजयरावांचा जन्म नाशिक येथे झाला. त्यांचे बालपण आणि शालेय शिक्षण नागपूर येथे झाले. उच्च शिक्षणासाठी ते इंग्लंडला गेले आणि केंब्रिज विद्यापीठाच्या क्वीन्स महाविद्यालयात त्यांनी अर्थशास्त्राचा अभ्यास केला. तेथे एम.लिट. पदवीसाठी त्यांनी भारताच्या आधुनिक काळातील औद्योगिक विकासावर प्रबंध लिहिला. हा प्रबंध १९२४ मध्ये 'द इंडस्ट्रियल इव्होल्यूशन ऑफ इंडिया इन रीसेंट टाइम्स' या नावाने ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने प्रसिद्ध केला. भारताच्या आर्थिक इतिहासाच्या अभ्यासक्रमांत हा ग्रंथ अनेक दशके पाठ्यग्रंथ म्हणून वापरात होता आणि त्याच्या सुधारित आवृत्त्याही निघाल्या. केंब्रिजने पुढे त्यांना डी.लिट. ही पदवी दिली.

हा ग्रंथ मुख्यतः सरकारी अहवाल, जनगणना आणि व्यापाराची आकडेवारी यांवर आधारलेला होता. शासकीय कारभाराच्या गरजेतून गोळा झालेल्या अशा आकड्यांतून आयात-निर्यात, महसूल आणि लोकसंख्या समजत असे. एखाद्या कारागिराचे घर वर्षभर कसे चालते किंवा शेतकऱ्याच्या हातात हंगामाअखेर किती उरते, हे त्यातून कळणे अवघड होते. ही उणीव भरून काढण्याचे काम त्यांच्या पुढील कारकीर्दीचा मोठा भाग झाले.

गोखले संस्थेची स्थापना

इंग्लंडहून परतल्यावर १९२५ ते १९३० या काळात गाडगीळ सुरतच्या एम.टी.बी. महाविद्यालयाचे प्राचार्य होते. १९३० मध्ये रावबहादूर रा. रा. काळे यांनी गोपाळ कृष्ण गोखले यांच्या स्मरणार्थ अर्थशास्त्रीय संशोधनासाठी भारत सेवक समाजाला देणगी दिली. तिच्यातून ६ जून १९३० रोजी पुण्यात गोखले राज्यशास्त्र व अर्थशास्त्र संस्था स्थापन झाली. गाडगीळ तिचे पहिले संचालक झाले आणि १९६६ पर्यंत, म्हणजे ३६ वर्षे, त्या पदावर राहिले.

अर्थशास्त्राचे भारतीय प्राध्यापक त्या काळी प्रामुख्याने अध्यापनात गुंतलेले असत आणि क्षेत्रीय संशोधनासाठी स्वतंत्र संस्था जवळजवळ नव्हत्या. गोखले संस्थेने पुणे आणि आसपासचा दख्खनचा प्रदेश हेच आपले अभ्यासक्षेत्र मानले. अभ्यासकाला भाषा आणि व्यवहार ठाऊक असलेल्या प्रदेशापासून आरंभ करून तेथील निष्कर्षांच्या आधारे व्यापक प्रश्नांकडे जायचे, अशी संस्थेच्या कामाची दिशा राहिली.

सर्वेक्षणाची पूर्वपरंपरा

सामाजिक पाहणीची परंपरा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये आकाराला आली. चार्ल्स बूथ यांनी लंडनमधील आणि सीबोम राउंट्री यांनी यॉर्क शहरातील श्रमिकांच्या राहणीची पाहणी केली. ए. एल. बाउली यांनी रेडिंग शहराच्या पाहणीत सर्व कुटुंबांऐवजी नमुन्यातील कुटुंबांची चौकशी करून संपूर्ण नगराविषयी अनुमान काढण्याची पद्धत वापरली.

महाराष्ट्रात डॉ. हॅरल्ड मान यांनी पुण्याजवळील पिंपळे सौदागर या गावाचा आर्थिक अभ्यास १९१७ मध्ये प्रसिद्ध केला. ना. वि. कानिटकर यांच्यासह त्यांनी केलेला जातेगाव बुद्रुक या गावाचा अभ्यास १९२१ मध्ये आला. जमिनीचे तुकडीकरण, कर्ज आणि कुटुंबाचा जमाखर्च यांची घराघरांतून गोळा केलेली माहिती या दोन्ही ग्रंथांत आहे. गाडगीळांच्या कामाला हा वारसा लाभला होता. एका गावाच्या अभ्यासाकडून तालुका, शहर आणि अखेरीस संपूर्ण देश, असा त्याचा विस्तार त्यांच्या काळात झाला.

आरंभीच्या पाहण्या

संस्थेच्या पहिल्या दशकातील पाहण्यांचे विषय मर्यादित आणि नेमके होते. १९३३ मध्ये व्ही. आर. गाडगीळ यांच्यासह लिहिलेला पुण्यातील फळांच्या विक्रीव्यवस्थेचा अभ्यास प्रसिद्ध झाला. बागायतदार, अडते, घाऊक व्यापारी आणि किरकोळ विक्रेते अशा साखळीतून जाणाऱ्या मालाचा अभ्यास करताना एकाच व्यवहाराची माहिती त्यातील वेगवेगळ्या पक्षांकडून घ्यावी लागते. बागायतदाराला हातात पडलेली रक्कम ठाऊक असते, तर अडत, हमाली, तोलाई यांची वजावट अडत्याच्या वहीत असते. त्यामुळे एकच प्रश्नावली सर्वांना देऊन भागत नाही.

१९३५ मध्ये मुंबई इलाख्यातील सहा जिल्ह्यांच्या मोटार वाहतुकीची पाहणी प्रसिद्ध झाली. खासगी मोटारगाड्या त्या काळी रस्त्यांवर वेगाने वाढत होत्या आणि रेल्वेशी त्यांची स्पर्धा हा धोरणाचा विषय झाला होता.

१९४० मध्ये सातारा जिल्ह्यातील वाई तालुक्याच्या शेतीव्यवसायाची पाहणी प्रसिद्ध झाली. शेतीच्या उत्पन्नाविषयीच्या पाहणीत प्रश्न कसा विचारावा, ही अडचण विशेष जाणवते. गेल्या वर्षी नफा किती झाला, या सरळ प्रश्नाला बहुतेक शेतकऱ्यांकडे उत्तर नसते. घरचे बी, घरचे बैल, घरच्या माणसांचे श्रम, धान्याच्या रूपाने दिलेले बलुते आणि जनावरांना घातलेली वैरण यांचा हिशेब तो रुपयांत ठेवत नाही. म्हणून एका मोठ्या प्रश्नाऐवजी शेतकऱ्याला आठवतील असे अनेक लहान प्रश्न विचारावे लागतात. कोणत्या शेतात कोणते पीक होते, किती पोती निघाली, मजूर किती दिवस लावले, विकले किती आणि घरी ठेवले किती, अशी माहिती घेतल्यानंतर हिशेब पाहणी करणाऱ्याने मांडायचा असतो.

गोदावरी आणि प्रवरा कालव्यांमुळे झालेल्या प्रत्यक्ष व अप्रत्यक्ष लाभांचा अभ्यास १९४८ मध्ये 'इकॉनॉमिक इफेक्ट्स ऑफ इरिगेशन' या नावाने प्रसिद्ध झाला. पाणीपट्टीतून सरकारला किती मिळाले, एवढ्यावर कालव्याचे मोल ठरवण्याची पद्धत अपुरी होती. या पाहणीत सिंचित आणि कोरडवाहू क्षेत्रांची तुलना करून पीकपद्धती, रोजगार व उत्पन्न यांत पडणारा फरक मोजण्यात आला. सिंचन प्रकल्पांच्या लाभांचे मूल्यमापन करणाऱ्या पुढील अभ्यासांना ही पाहणी मार्गदर्शक ठरली.

पुणे शहराची पाहणी

संस्थेच्या नागरी अभ्यासांत पुणे शहराच्या सामाजिक-आर्थिक पाहणीचे स्थान महत्त्वाचे आहे. या पाहणीचे क्षेत्रीय काम १९३६-३७ मध्ये झाले. तिचा आर्थिक भाग १९४५ मध्ये आणि सामाजिक भाग १९५२ मध्ये प्रसिद्ध झाला. शहरातील सर्व कुटुंबांऐवजी नमुन्यातील कुटुंबांची माहिती घेण्यात आली. कुटुंबाचा आकार, कमावत्या व्यक्ती, व्यवसाय, उत्पन्न आणि स्थलांतर हे तिचे प्रमुख विषय होते.

व्यवसायाविषयीच्या प्रश्नात एक मूलभूत अडचण होती. व्यवसाय कोणता, असे विचारल्यावर लोक जातीचा परंपरागत धंदा, नोकरीच्या ठिकाणाचे नाव किंवा हुद्दा यांपैकी काहीही सांगतात. एकाच कारखान्यातील हमाल, यंत्रकामगार, कारकून आणि व्यवस्थापक हे चौघेही आपण त्या कारखान्यात आहोत असे सांगतील, तर उत्तर खरे असूनही त्यावरून त्यांचे आर्थिक स्थान कळणार नाही. यासाठी गोखले संस्थेच्या नागरी पाहण्यांत व्यवसायांची श्रेणीवार वर्गवारी वापरण्यात आली. अकुशल अंगमेहनत, कुशल अंगमेहनत, प्राथमिक शिक्षक व खालच्या स्तरावरील सेवा, लहान धंदा, उच्च कौशल्याचे व देखरेखीचे काम, कारकून व दुकानातील नोकर, मधल्या दर्जाच्या नोकऱ्या व माध्यमिक शिक्षक, मध्यम धंदा, उच्च दर्जाचे व्यवसाय व नोकऱ्या आणि मोठी दुकाने किंवा कारखाने यांचे मालक अशा तिच्या प्रमुख श्रेणी होत्या. या वर्गवारीमुळे वडिलांचा व्यवसाय आणि मुलाचा व्यवसाय यांची तुलना करून सामाजिक गतिशीलता मोजता आली.

१९५४ मध्ये नी. वि. सोवनी, द. प्र. आपटे आणि रा. गो. पेंडसे यांनी पुण्याची पुन्हा पाहणी केली आणि तिचा अहवाल १९५६ मध्ये 'पूना : अ रीसर्व्हे' या नावाने प्रसिद्ध झाला. रोजगार व कमाई यांत मधल्या काळात झालेले बदल हा तिचा विषय होता. जुन्या व नव्या पाहणीतील श्रेणी जुळत असल्यामुळेच अशी तुलना शक्य झाली. संस्थेने कोल्हापूर आणि सोलापूर या शहरांचेही सामाजिक-आर्थिक अभ्यास केले. गाडगीळांचा सोलापूरवरील ग्रंथ १९६५ मध्ये प्रसिद्ध झाला.

अनुसूची आणि प्रश्नांचे प्रकार

सर्वेक्षणशास्त्रात अनुसूची आणि प्रश्नावली यांत भेद केला जातो. अनुसूची पाहणी करणारा अन्वेषक समोर बसून भरतो, तर प्रश्नावली उत्तरदाता स्वतः भरतो. साक्षरतेचे प्रमाण अत्यल्प असलेल्या त्या काळच्या महाराष्ट्रात कुटुंबांच्या पाहणीसाठी अनुसूची हाच व्यवहार्य मार्ग होता. या पद्धतीत प्रश्नाचा हेतू समजावून सांगता येतो आणि विसंगत उत्तर तेथल्या तेथे तपासता येते. मात्र अन्वेषकाने आपल्या मनाने प्रश्न बदलला किंवा उत्तर सुचवले, तर प्रत्येक घराची माहिती वेगळ्या मापाने मोजली जाते. त्यामुळे प्रत्येक संज्ञेची व्याख्या आणि अन्वेषकांसाठी लेखी सूचना हा अनुसूचीचा अविभाज्य भाग असतो. कुटुंब म्हणजे एका चुलीवर जेवणारी माणसे की एका घरात राहणारी माणसे, हे आधी ठरलेले नसेल, तर पुढील सरासरी उत्पन्नाला अर्थ राहत नाही.

अशा पाहण्यांत वापरल्या जाणाऱ्या प्रश्नांचे प्रमुख प्रकार पुढीलप्रमाणे आहेत.

संख्यात्मक प्रश्न : जमिनीचे क्षेत्र, भाडे, वेतन, कर्जाची रक्कम यांसाठी हे प्रश्न वापरतात. एकर की गुंठे, दिवसाचे वेतन की महिन्याचे, हे एकक प्रश्नातच नमूद असावे लागते.

द्विपर्यायी प्रश्न : होय किंवा नाही एवढेच उत्तर पुरेसे असते तेथे हे उपयोगी पडतात. पुढील प्रश्नगट कोणाला विचारायचा, हे ठरवण्यासाठी त्यांचा उपयोग होतो. घरात कर्ज नसेल, तर कर्जाच्या कारणांचा भाग वगळता येतो.

बहुपर्यायी बंदिस्त प्रश्न : संभाव्य उत्तरे आधीच ठाऊक असतील, तर ती पर्याय म्हणून दिली जातात. पर्याय परस्परांत मिसळणारे नसावेत आणि सर्व शक्यतांना सामावून घेणारे असावेत. एकच पर्याय निवडायचा की लागू असतील तेवढे सर्व, हे स्पष्ट असावे लागते.

मुक्त प्रश्न : उत्तरदात्याने स्वतःच्या शब्दांत सांगितलेले उत्तर जसेच्या तसे नोंदवले जाते. विषय नवा असताना किंवा व्यवसायासारख्या बाबतीत लोक कोणते शब्द वापरतात हे पाहायचे असताना हा प्रकार आवश्यक ठरतो. त्याचे वर्गीकरण नंतर करावे लागत असल्याने वेळ आणि श्रम वाढतात.

क्रमनिर्धारक व श्रेणीदर्शक प्रश्न : पसंतीचा क्रम किंवा मताची तीव्रता मोजण्यासाठी हे वापरतात. वस्तुस्थिती मोजणाऱ्या आर्थिक पाहण्यांत त्यांचा वाटा कमी असतो. मतचाचण्या आणि सेवांविषयीच्या पाहण्यांत तो अधिक असतो.

प्रश्नाची शब्दरचना आकडे कशी बदलते, याचे ठळक उदाहरण स्त्रियांच्या कामाच्या मोजणीत सापडते. गाडगीळांनी भारतातील श्रमिक स्त्रियांविषयी लिहिलेला ग्रंथ १९६५ मध्ये प्रसिद्ध झाला. १९६१ च्या जनगणनेत हंगामी कामासाठी हंगामाच्या बहुतेक काळात दररोज तासाभराहून अधिक नियमित काम करणाऱ्या व्यक्तीला श्रमिक मानले होते. १९७१ मध्ये मुख्य व्यवसाय कोणता, असे विचारण्यात आले. शेतात राबूनही घरकाम हाच आपला मुख्य व्यवसाय असे नोंदवल्या गेलेल्या असंख्य स्त्रिया श्रमिकांच्या संख्येतून गळल्या आणि स्त्री-श्रमिकांचे प्रमाण कागदावर एकदम घटलेले दिसले.

अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणी

शेतकऱ्यांच्या कर्जाचा प्रश्न गाडगीळांनी दीर्घकाळ अभ्यासला. १९४५ मध्ये त्यांच्या अध्यक्षतेखालील कृषी वित्त उपसमितीने आपला अहवाल दिला. १९५१ मध्ये रिझर्व्ह बँकेने देशव्यापी ग्रामीण पतपाहणी हाती घेतली. तिच्या संचालन समितीचे अध्यक्ष ए. डी. गोरवाला होते आणि गाडगीळ, बी. वेंकटप्पय्या व एन. एस. आर. शास्त्री हे सदस्य होते.

या पाहणीत ७५ जिल्ह्यांतील ६०० गावे आणि १,२७,३४३ कुटुंबे यांची माहिती घेण्यात आली. सर्व कुटुंबांसाठी सर्वसाधारण अनुसूची आणि त्यांतील निवडक शेतकरी कुटुंबांसाठी सखोल चौकशी, अशी तिची दुहेरी रचना होती. कर्ज घेणाऱ्यांबरोबरच सावकार, व्यापारी, सहकारी संस्था अशा कर्ज देणाऱ्यांकडूनही माहिती मिळवण्यात आली. कर्जाच्या बाबतीत या रचनेला विशेष महत्त्व आहे. लग्नासाठी घेतलेले कर्ज अनेकदा शेतीच्या नावाने सांगितले जाते, नातेवाइकाकडून घेतलेली उसनवार कर्ज मानली जात नाही आणि सावकाराच्या वहीतील मुद्दल व कर्जदाराच्या हातात पडलेली रक्कम सारखी असेलच असे नाही. कर्ज या एका शब्दाऐवजी कोणाकडून, कशासाठी, कोणत्या तारणावर आणि कोणत्या व्याजाने असे वेगळे प्रश्न विचारल्यावरच चित्र उलगडते.

१९५४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालातील निष्कर्ष धक्कादायक होते. शेतकऱ्यांनी वर्षभरात घेतलेल्या कर्जात सहकारी संस्थांचा वाटा केवळ ३.१ टक्के, सरकारचा ३.३ टक्के आणि व्यापारी बँकांचा ०.९ टक्के होता. उरलेले बहुतांश कर्ज सावकार, व्यापारी, जमीनदार आणि नातेवाईक यांच्याकडून आलेले होते. सहकारी कायदा होऊन पन्नास वर्षे उलटल्यानंतरची ही स्थिती होती. सहकारी संस्थांमध्ये शासनाचे भागभांडवल, पतपुरवठा व विक्री यांची सांगड आणि ग्रामीण भागात शाखा उघडणारी सरकारी बँक अशी एकात्मिक योजना समितीने सुचवली. तिच्या शिफारशींनुसार इंपीरिअल बँकेचे रूपांतर होऊन १ जुलै १९५५ रोजी भारतीय स्टेट बँक अस्तित्वात आली.

या पाहणीवर टीकाही झाली. अर्थशास्त्रज्ञ डॅनिएल थॉर्नर यांनी १९६० मध्ये 'इकॉनॉमिक वीकली' या नियतकालिकात शास्त्रीय चौकशी म्हणून तिच्या विश्वसनीयतेवर प्रश्नचिन्ह उपस्थित केले. पुढे १९६१-६२ मध्ये आणि त्यानंतर सुमारे दर दशकाला झालेल्या कर्ज व गुंतवणूक पाहण्यांची परंपरा मात्र याच पाहणीपासून सुरू होते.

राष्ट्रीय नमुना पाहणी आणि पुणे अनुसूची

१९४९ मध्ये नेमलेल्या राष्ट्रीय उत्पन्न समितीत प्रशांतचंद्र महालनोबीस हे अध्यक्ष आणि गाडगीळ व व्ही. के. आर. व्ही. राव हे सदस्य होते. देशाच्या उत्पन्नाचा अंदाज बांधण्यासाठी लागणारी घरगुती उपभोगाची आणि असंघटित व्यवसायांची माहिती उपलब्ध नसल्याचे या कामात जाणवले. त्या गरजेतून १९५० मध्ये राष्ट्रीय नमुना पाहणी सुरू झाली. तिच्या पहिल्या फेरीत कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेच्या अनुसूचींबरोबर गोखले संस्थेच्या अनुसूचीही वापरण्यात आल्या. त्या पुणे अनुसूची या नावाने ओळखल्या जातात. त्यांवरील अहवाल वि. म. दांडेकर यांनी लिहिला आणि तो १९५३ मध्ये प्रसिद्ध झाला.

उपभोगखर्च विचारताना गेल्या आठवड्याचा विचारावा की गेल्या महिन्याचा, हा अशा पाहण्यांतील कायमचा वादविषय आहे. आठवड्याच्या आठवणीवर आधारलेले आकडे महिन्याच्या आठवणीवरील आकड्यांपेक्षा जास्त येतात, असे आरंभीच्या प्रयोगांतच दिसून आले होते. १९९९-२००० च्या ५५ व्या फेरीत अन्नपदार्थांसाठी ७ आणि ३० दिवस असे दोन्ही कालावधी एकाच अनुसूचीत विचारले गेले. त्यामुळे दारिद्र्याचे त्या वर्षीचे आकडे आधीच्या आकड्यांशी जुळवता येतील काय, यावर अर्थशास्त्रज्ञांत मोठा वाद झाला.

सहकारी चळवळ

गाडगीळांनी सहकाराचा केवळ अभ्यास केला नाही, तर तिच्या उभारणीत भागही घेतला. अहमदनगर जिल्ह्यातील लोणी येथे विठ्ठलराव विखे पाटील यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या प्रवरा सहकारी साखर कारखान्याचे ते पहिले अध्यक्ष होते. वैकुंठभाई मेहता यांचेही या कारखान्याला पाठबळ होते. १९५०-५१ मध्ये कारखान्याचा पहिला गळीत हंगाम झाला. प्रवरा कालव्याच्या लाभक्षेत्राचा अभ्यास करणाऱ्या अर्थशास्त्रज्ञाने त्याच परिसरात ऊस उत्पादकांच्या मालकीचा कारखाना उभारण्यास साहाय्य केले, हे त्यांच्या कार्याचे वैशिष्ट्य आहे. महाराष्ट्रातील पुढील सहकारी साखर कारखान्यांनी हा नमुना स्वीकारला. संयुक्त महाराष्ट्राच्या मागणीचेही त्यांनी आर्थिक आणि प्रशासकीय अंगांनी समर्थन केले होते.

नियोजन आयोग आणि गाडगीळ सूत्र

१९६६ मध्ये गाडगीळ पुणे विद्यापीठाचे कुलगुरू झाले. त्याच वर्षी राज्यसभेवर त्यांची नामनियुक्त सदस्य म्हणून नेमणूक झाली. सप्टेंबर १९६७ मध्ये त्यांनी नियोजन आयोगाचे उपाध्यक्षपद स्वीकारले. चौथी पंचवार्षिक योजना (१९६९-७४) त्यांच्या कार्यकाळात तयार झाली.

केंद्राकडून राज्यांना मिळणारे योजना-साहाय्य त्याआधी निश्चित निकषांशिवाय, योजनावार ठरत असे. १९६९ मध्ये मान्य झालेल्या गाडगीळ सूत्रानुसार विशेष दर्जाच्या राज्यांचा वाटा बाजूला ठेवून उर्वरित साहाय्यापैकी ६० टक्के लोकसंख्येच्या प्रमाणात द्यावयाचे होते. दरडोई उत्पन्न राष्ट्रीय सरासरीपेक्षा कमी असलेल्या राज्यांसाठी १० टक्के, करवसुलीच्या प्रयत्नांसाठी १० टक्के, चालू असलेल्या मोठ्या सिंचन व वीज प्रकल्पांसाठी १० टक्के आणि राज्यांच्या विशेष समस्यांसाठी १० टक्के अशी विभागणी होती. लोकसंख्येला दिलेल्या मोठ्या भारामुळे गरीब राज्यांना पुरेसा लाभ झाला नाही, अशी टीका नंतर झाली आणि सूत्रात वेळोवेळी बदल करण्यात आले.

१९६९ मध्येच राष्ट्रीय पतपरिषदेने नेमलेल्या त्यांच्या अध्यक्षतेखालील अभ्यासगटाने बँकांच्या विस्तारासाठी क्षेत्रनिहाय दृष्टिकोन सुचवला. जिल्ह्याची पाहणी करून तेथील पतपुरवठ्यातील उणिवा शोधण्याची जबाबदारी एका बँकेवर सोपवणारी अग्रणी बँक योजना यातून पुढे आली.

मृत्यू

१९७१ मध्ये गाडगीळांनी नियोजन आयोगाचे पद सोडले. दिल्लीहून पुण्याला परतत असताना ३ मे १९७१ रोजी प्रवासातच त्यांचे निधन झाले. पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळ हे त्यांचे पुत्र होत.

वारसा

गोखले संस्थेचे ग्रंथालय आणि नागपूर येथील सहकारी व्यवस्थापन संस्था यांना धनंजयराव गाडगीळ यांचे नाव देण्यात आले आहे. वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ या संस्थेतील अभ्यासकांचा भारतातील दारिद्र्यावरील १९७१ चा अभ्यास राष्ट्रीय नमुना पाहणीच्या आकड्यांवर आधारलेला होता.

कागदी अनुसूचीची जागा आता अनेक ठिकाणी टॅब्लेट आणि ऑनलाइन अर्ज यांनी घेतली आहे. २०१७ मध्ये सुरू झालेल्या नियतकालिक श्रमबल सर्वेक्षणात अन्वेषक टॅब्लेटवर माहिती नोंदवू लागले. अनावश्यक प्रश्न आपोआप वगळणे आणि अशक्य आकडा लगेच दाखवून देणे या सोयी त्यामुळे मिळाल्या. ऑनलाइन अर्ज मात्र उत्तरदाता एकटा भरतो. म्हणजे तो अनुसूचीपेक्षा प्रश्नावलीच्या जवळचा असतो. अन्वेषक तोंडी देत असे ते सर्व स्पष्टीकरण येथे प्रश्नाच्या मजकुरातच असावे लागते. वस्तुस्थितीसाठी बंदिस्त प्रश्न, अनपेक्षित उत्तरांसाठी अन्य हा पर्याय, मोजकेच मुक्त प्रश्न आणि प्रत्यक्ष वापरापूर्वी थोड्या लोकांवर घेतलेली चाचणी ही अशा अर्जाची पथ्ये मानली जातात.

कोणापर्यंत पोहोचायचे, हा प्रश्न मात्र साधन बदलल्याने सुटलेला नाही. मध्य रेल्वेवरील अंबरनाथ पूर्वसारख्या वस्तीत जुन्या चाळी, नव्या गृहसंकुलांतील नोकरदार आणि औद्योगिक वसाहतीत काम करणारे स्थलांतरित कामगार एकाच परिसरात राहतात. तेथील पाणीपुरवठ्याविषयीचा अर्ज केवळ गृहसंकुलांच्या व्हॉट्सॲप गटांतून फिरवला, तर हजारो उत्तरे येऊनही चाळीतील नळाची स्थिती कळणार नाही. उत्तरांची संख्या आणि नमुन्याची प्रातिनिधिकता या भिन्न गोष्टी आहेत. पुण्याच्या १९३६-३७ च्या पाहणीत सर्व थरांतील कुटुंबे यावीत यासाठी नमुना घ्यावा लागला होता, त्याचे कारण हेच होय.

ग्रंथसंपदा

द इंडस्ट्रियल इव्होल्यूशन ऑफ इंडिया इन रीसेंट टाइम्स (१९२४)
अ सर्व्हे ऑफ द मार्केटिंग ऑफ फ्रूट इन पूना (१९३३, सहलेखन)
सर्व्हे ऑफ फार्म बिझनेस इन वाई तालुका (१९४०, सहलेखन)
रेग्युलेशन ऑफ वेजेस (१९४३)
पूना : अ सोशिओ-इकॉनॉमिक सर्व्हे (भाग १, १९४५, भाग २, १९५२)
फेडरेटिंग इंडिया (१९४५)
इकॉनॉमिक इफेक्ट्स ऑफ इरिगेशन (१९४८)
प्लॅनिंग अँड इकॉनॉमिक पॉलिसी इन इंडिया (१९६१)
विमेन इन द वर्किंग फोर्स इन इंडिया (१९६५)
सोलापूर सिटी : सोशिओ-इकॉनॉमिक स्टडीज (१९६५)